अर्धी फेक

"सगळे थांबले होते, वस्ताद. मग माझा दादाच का नाही थांबला?"

तिनोनं हे विचारलं तेव्हा तो अजून तारेच्या कुंपणाबाहेरच होता. नमस्कार नाही की चमत्कार नाही.

वस्ताद बदामाच्या झाडाखाली उलट्या बादलीवर बसले होते. हातमोज्याच्या कातड्याला तेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आत येऊन विचार."

"इथून ऐकू येत नाही?"

"येतं. पण कुंपणाबाहेरच्या माणसाला मी उत्तर देत नाही."

तिनोनं फाटकाला लाथ घातली आणि आत आला. पायांत भावाचे काळे बूट होते. भाऊ जाऊन आज नववा दिवस, प्रार्थनेचा, म्हणून आईनं सकाळी घालायला लावले होते. मापाला मोठे. चालताना टाच आत डुगडुगत होती, आणि त्याचाही त्याला राग येत होता.

मैदानावरची पोरं सराव सोडून उभी राहिली.

हे गाव कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरचं. चारी बाजूंना ऊस, मधे साखर कारखान्याचं धुराडं, आणि वर्षभर नाकात बसलेला मळीचा वास. इथं पोरगा जन्मला की सुईणीला पहिला प्रश्न विचारतात, उजवा की डावा? म्हणजे मोठेपणी चेंडू कुठल्या हातानं फेकणार. कारण इथून बाहेर पडायचं तर एकच वाट. बेसबॉल. त्यातही पिचर. मातीच्या उंचवट्यावर एकटा उभा राहून बॅटवाल्यावर चेंडू सोडतो, तो पिचर. हात बरा असेल तर मिसरूड फुटायच्या आत उत्तरेकडचे, अमेरिकेतले, क्लबवाले उचलून नेतात. नसेल तर घरात कोयता असतोच.

वस्तादांचं नाव फुलेन्सिओ. पण त्या नावानं त्यांना हाक मारणारं आता कोणी जिवंत नव्हतं. ते स्वतः पिचर नव्हते. उकिडवं बसून समोरच्याची फेक झेलायची, हेच त्यांनी जन्मभर केलं. झेलून झेलून हातांची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी झाली होती.

त्यांचा एकच नियम. हात उचलला की थांबायचं नाही.

खेळाचा कायदाही तोच सांगतो. समोरच्या संघाचा गडी धावायच्या तयारीत असताना पिचरनं हात उचलला आणि फेकता फेकता मधेच थांबला, तर पंच खेळ थांबवतो आणि त्या गड्याला एक टप्पा फुकट पुढं सोडतो. गावात त्याला अर्धी फेक म्हणतात. दुसऱ्या मैदानांवर अर्ध्या फेकीला शिवी मिळते. इथं वस्ताद उठायचे, त्या पोराच्या पायांतले बूट काढायचे आणि तारेपलीकडे उसात भिरकावायचे. बूट गेले की पोरगा गेला. पुन्हा या मैदानात त्यानं पाय ठेवायचा नाही.

म्हणून इथून गेलेल्या एकाही पिचरनं कधी अर्धी फेक टाकली नव्हती. गाव ही गोष्ट पाहुण्यांना सांगायचं, देवळातल्या मूर्तीबद्दल सांगावं तशी.

तिनोचा भाऊ रेमी हा वस्तादांचा सगळ्यात लाडका शिष्य.

"आलो आत," तिनो म्हणाला. "आता बोला."

"काय बोलू?"

"रेल्वे फाटकावर कारखान्याची ऊसगाडी येत होती. लाल फडकंवाला मधे उभा होता, शिट्टी फुंकत होता. ट्रॅक्टर थांबले. सायकली थांबल्या. डोक्यावर टोपली घेतलेली म्हातारी थांबली. दादानं लांबूनच मोटारसायकल दामटली. त्याला गाडी दिसत होती. सगळे सांगतात, दिसत होती. त्यानं ब्रेकला हात लावला नाही. का?"

वस्तादांनी बोळ्यावर तेल घेतलं.

"हे त्याला विचारायचं होतंस."

पोरांपैकी कोणीतरी श्वास आत ओढला.

तिनोच्या कानशिलांत रक्त चढलं. "विचारलं असतं. शवपेटी झाकण बंद करूनच आणली होती. आईलासुद्धा तोंड दाखवलं नाही. कुठं विचारू? कुठल्या बाजूनं विचारू?"

...

"नऊ दिवस घरात माणसांची रीघ आहे," तिनो म्हणाला. "ज्यांनी आम्हाला कधी पाणी विचारलं नाही, ते येऊन कॉफी पिऊन गेले. तुम्ही एकदाही आला नाहीत."

"नाही आलो."

"का?"

"येऊन काय सांगितलं असतं?"

"काहीही! देवाची इच्छा म्हणायचं. सगळे तेच म्हणतात. मला आता ते ऐकलं की थुंकावंसं वाटतं. पण तुम्ही आला असतात तर निदान तुमच्या तोंडावर थुंकता आलं असतं."

"मग आता थुंक."

"थुंकून भागणार नाही."

तिनोनं खिशातून चेंडू काढला. तो घरच्या वेदीवरचा होता. मेणबत्ती, पाण्याचा पेला, रेमीचा फोटो आणि हा चेंडू. उत्तरेकडच्या पहिल्या सामन्यातला, शिवण काळी पडलेला. थोड्या वेळापूर्वी घरी प्रार्थना संपली, कॉफी फिरली, आणि क्लबवाल्यांसाठी पोरं हेरणारा गावातला दलाल तिनोच्या आईशेजारी खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "ताई, गेलेला गेला. पण धाकट्याचा हात थोरल्यापेक्षा भारी आहे हो. येत्या शनिवारी तिकडची माणसं येतायत, वेग मोजायचं यंत्र घेऊन. वस्तादांचा शब्द पडला की झालंच समजा."

आईनं फक्त तिनोच्या हाताकडे बघितलं. खांद्यापासून बोटांपर्यंत. बाजारात कोंबडी बघतात तसं... की आई बघते तसं, ते तिनोला कळलं नाही. त्यानं वेदीवरचा चेंडू उचलला आणि तडक इथं आला.

"शनिवारी मी फेकणार आहे म्हणे," तो म्हणाला. "तुमच्या शब्दावर."

"कोण म्हणालं?"

"दलाल."

"दलाल म्हणतोच. तुला फेकायचंय का?"

या प्रश्नानं तिनोला आणखी राग आला. तो मागं वळला आणि सामानाच्या पत्र्याच्या शेडकडे गेला. आतल्या भिंतीवर फोटो होते. वस्तादांच्या हातून गेलेले सगळे पिचर. निळ्या टोप्या, लाल टोप्या, दात दाखवून हसणारे.

"हा बघा," तो ओरडला. "डावखुरा. तीन महिन्यांत खांदा गेला. आता पाण्याचा टँकर चालवतो. हा रेल्वे फाटकाजवळ लॉटरीची तिकिटं विकतो, आणि गिऱ्हाईक आलं की आधी स्वतःचा जुना फोटो दाखवतो. ह्याला तिकडं भाषा येईना, म्हणून वर्षभर रोज एकच जेवण मागवत होता, कोंबडीचं. एवढा एकच शब्द यायचा. परत आला तेव्हा आईनं कोंबडी रांधली, तर हा ताटावर बसून रडला. गाव अजून हसतं त्याला, कोंबडीवाला म्हणून. आणि हा..."

हा रेमी होता. पांढरा सदरा. कानांपर्यंत हसू.

तिनोनं तो फोटो ओढून काढला. खिळ्यासकट निघाला.

"दादाचं कोपर दुखत होतं," तो परत येत म्हणाला. आवाज आता खाली आला होता, आणि तो जास्त वाईट होता. "तिकडं गेला त्याच वर्षी. मनगटातली शीर काढून कोपरात घातली डॉक्टरांनी. बरा झाला. फेकू लागला. मग हिवाळ्यात सुट्टीला घरी आला, तर अख्खं गाव अंगणात. आमच्यासाठी एक सामना खेळ, रेमी. फक्त एक. शेजारच्या कारखान्याची जिरवायची आहे. तो तुमच्याकडे आला होता त्या सकाळी. आला होता ना?"

"आला होता."

"काय म्हणाला?"

"कोपर परत दुखतंय म्हणाला."

"तुम्हाला सांगितलं त्यानं?"

"मलाच सांगितलं. दुसऱ्या कोणाला नाही."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

वस्तादांच्या हातातला बोळा थांबला.

...

झाडावरून एक बदाम टपकन पडला.

...

"म्हणालो," वस्ताद म्हणाले, "हात उचलला आहेस. आता थांबू नकोस."

तिनोला तो सामना आठवत होता. गावानं रेमीला खांद्यावर घेऊन कारखान्याभोवती मिरवलं होतं. रेमी हसत होता आणि त्याचा उजवा हात मेलेल्या सापासारखा लोंबत होता. तिनोही नाचला होता त्या मिरवणुकीत. सगळ्यात पुढं.

उन्हाळ्यात क्लबनं रेमीला परत पाठवलं. तडा गेलेली घागर दुकानदाराला परत करावी तसं. तो घरी आला, ऊसतोडीला गेला नाही, मैदानावर गेला नाही, कोणाशी धड बोलला नाही. जुनी मोटारसायकल घेतली आणि ती मातीच्या रस्त्यावर पळवत राहिला. हळू कधी चालवलीच नाही. आई म्हणायची, बाबा, जरा दमानं. तो म्हणायचा, मला दम धरायला कोणी शिकवलंय?

"तू मारलंस त्याला," तिनो म्हणाला.

वस्तादांना अरेतुरे... या मैदानात हे कोणी ऐकलं नव्हतं. गावचा पाद्रीदेखील त्यांना अहो म्हणायचा.

"ए तिनो," एक थोराड पोरगा पुढं आला. वाल्दो त्याचं नाव. "जीभ सांभाळ. दुःख आहे म्हणून काय वाटेल ते बोलशील? वस्तादांच्या मैदानात उभा आहेस."

"तू गप. शनिवारी तुलाही विकायचंय बाजारात, म्हणून खांद्याला चोळून घेतोस ना रोज? आमच्या घरच्या बोकडालाही कापण्याआधी असंच चोळतात."

वाल्दो मुठी वळून आला. वस्तादांनी नुसती नजर वर केली. वाल्दो जागीच थांबला.

"तू मारलंस," तिनो पुन्हा म्हणाला. आता शब्द थांबतच नव्हते. "ऊसगाडीनं नाही. फडकंवाल्यानं नाही. क्लबनंसुद्धा नाही. ते तर व्यापारी, त्यांच्याकडून कोण माणुसकी मागतो? दादा सहा वर्षांचा होता तेव्हापासून तुझ्यासमोर उभा. चालायला आईनं शिकवलं, बाकी सगळं तू. पाय कसा उचलायचा, कंबर कशी वळवायची, श्वास कधी सोडायचा. एवढं सगळं शिकवलंस, आणि थांबायचं कसं तेवढं सांगितलं नाहीस. आणि वर गावभर मिरवलंस. माझा एकही पोरगा थांबत नाही! नाही थांबला बघ. रुळावर गोळा करून आणला आम्ही त्याला, न थांबलेल्याला."

त्याचा श्वास संपला.

वस्ताद उठले. गुडघे कडाकडा वाजले. हातमोजा त्यांनी बादलीवर ठेवला. तोंडावर बांधायची जाळी तिथंच फांदीला लटकत होती. तिला हात लावला नाही. सावकाश चालत ते मैदानाच्या त्या टोकाला गेले, जिथं बॅटवाल्यापुढची पांढरी पाटी मातीत बसवलेली होती. पाटीमागं उकिडवे बसले. जन्मभर बसत आले होते तसे. फक्त हात रिकामे.

"चेंडू आणलायस," ते म्हणाले. "उंचवट्यावर जा."

तिनो गेला. तो काय करायला निघाला होता, हे घरून येताना त्याला नीट माहीत नव्हतं. आता माहीत होतं. उंचवट्यावरची माती दादाच्या बुटांखाली करकरली. समोर एक म्हातारा छाती उघडी टाकून बसला होता. त्याच्या छातीच्या मधोमध सदऱ्याचं एक बटण तुटलेलं होतं. नेम तिथं.

एवढ्या अंतरावरून, या हातानं... बरगडी तर नक्कीच. काळीज म्हाताऱ्याचं होतं, फार टिकलं नसतं.

"वस्ताद, जाळी तरी..." वाल्दो म्हणाला.

"गप्प उभा राहा."

तिनोनं शिवणीवर बोटं बसवली. दादा बसवायचा तशी. कोणी शिकवली नव्हती, कुंपणाला नाक लावून बघून बघून आली होती. मारायचं होतं. खरंच मारायचं होतं. त्यात नाटक नव्हतं.

त्यानं श्वास घेतला. डावा गुडघा छातीपर्यंत आला. कंबर वळली. हात मागं गेला, कोपर उंच...

"उचललास ना हात?" वस्ताद म्हणाले. "आता थांबू नकोस."

तेच शब्द. तोच आवाज. त्याच पाटीमागून, त्याच उंचीवरून, दादाचं सगळं लहानपण व्यापून उरलेला.

तिनोच्या अंगाची आग आग झाली. मारीन, हो, मारीनच. पण तुझ्या सांगण्यावरून? अजूनही तुझ्याच सांगण्यावरून?

"नाही!"

तो ओरडला आणि सगळं अंग एकदम आवळून धरलं. हात पुढं निघाला होता, तो मागं खेचला. खांद्यात कळ उठली. मोठा बूट मातीत वळला, घोटा मुरगळला, आणि तो उंचवट्यावरून तोंडघशी खाली आला. हनुवटी फुटली.

चेंडू मुठीतच होता.

कोणी हसलं नाही. मागं एक बारीकसं पोरगं पुटपुटलं, "अर्धी फेक..." आणि आपल्याच तोंडावर हात ठेवला.

तिनो उठून बसला. तोंडातली माती थुंकला. या मैदानाचा कायदा त्याला ठाऊक होता. त्यानं एक बूट ओढून काढला. दुसरा काढला. दादाचे बूट. उभं राहून दोन्ही तारेपलीकडे भिरकावले. उसात सळसळ झाली.

"घ्या," तो म्हणाला. "तुम्हाला वाकायला नको."

रडू येत होतं, ते त्यानं रागानं गिळलं. लंगडत अनवाणी फाटकाकडे निघाला.

वस्ताद त्याच्या आधी फाटकाशी पोचले. त्याच्याकडे बघितलंही नाही. बाहेर गेले. उसात शिरले. बराच वेळ नुसतं पाचट वाजत राहिलं.

पोरं एकमेकांकडे बघत होती. उसात गेलेले बूट आणायला वस्ताद कधी गेले नव्हते. कोणालाच जाऊ दिलं नव्हतं.

ते आले तेव्हा हातावर पात्यांचे ओरखडे होते. एक बूट या काखेत, एक त्या काखेत. सदऱ्याच्या टोकानं त्यांनी दोन्ही पुसले. मग तिनोसमोर गुडघ्यावर बसले आणि त्याचा सुजलेला पाय हळूच बुटात घातला. नाडी बांधू लागले. वाकड्या बोटांना गाठ जमेना. पुन्हा धरली. पुन्हा सुटली.

तिनोनं मदत केली नाही. पाय मात्र मागं घेतला नाही.

शेवटी कशीबशी एक गाठ बसली. वस्ताद उठले, वळले, आणि पुन्हा त्या टोकाला जाऊन पाटीमागं उकिडवे बसले. हातमोजा बादलीवरच होता.

"सगळे जवळ या," ते पोरांना म्हणाले. "वाल्दो, तू पुढं उभा राहून बघ."

...

मग त्यांनी उंचवट्याकडे बोट केलं. बोट सरळ होत नव्हतं.

"तिनो, परत एकदा थांबून दाखव... मला नीट दिसलं नाही."